उमेदवारी

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गावर शोकात्मिका शिकवत होते. नायकाचे उच्च स्थान, त्याच्या हातून घडणारा प्रमाद, त्यातून ओढवणारे पतन आणि प्रेक्षकाच्या मनातील करुणा व भय यांचे विरेचन, असा नेहमीचा क्रम फळ्यावर मांडून झाला होता. उदाहरणे सांगा म्हटल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलींनी ‘नटसम्राट’चे नाव घेतले; कुसुमाग्रजांच्या नाशिकमध्ये ते साहजिकच आहे. मग शेवटच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर पाहणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, अमोल मुजुमदारची गोष्ट शोकात्मिका होती ना? मग परवा वर्ल्ड कप जिंकल्यावर ती सुखात्मिका झाली का?”

वर्ग हसला. मीही हसले आणि ‘पुढच्या तासाला बोलू’ असे म्हणून सुटका करून घेतली. पुढच्या तासाला दुसरेच काही निघाले आणि ते राहून गेले. पण प्रश्न काही मनातून गेला नाही. तो वाटतो तितका पोरकट नाही, आणि त्याचे उत्तर देताना मला माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट टाळता येत नाही, हेही माझ्या लक्षात आले. म्हणून हे लेखन.

ज्यांचा क्रिकेटशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढालीचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिरचे दोन विद्यार्थी सेंट झेवियर्सविरुद्ध फलंदाजीला उतरले आणि उतरलेच नाहीत असे नव्हे, तर परतलेच नाहीत. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची, तीही अखंड. त्यांच्यानंतर खेळायला येणारा तेरा वर्षांचा एक मुलगा पायांना पॅड बांधून बसून होता. डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला आणि त्याने पॅड सोडले. तो अमोल मुजुमदार. आचरेकर सरांच्याच हाताखाली तयार झालेला.

पुढे फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याने मुंबईकडून हरयाणाविरुद्ध फरिदाबाद येथे रणजी पदार्पण केले आणि पहिल्याच डावात २६० धावा काढल्या. प्रथमश्रेणी पदार्पणातील तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता आणि तब्बल चोवीस वर्षे, म्हणजे २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने २६७ धावा काढीपर्यंत, तो टिकला. एवढी सलामी दिलेला खेळाडू भारताकडून एकही सामना खेळला नाही. १७१ प्रथमश्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, सरासरी ४८ च्या वर; पण देशाची टोपी नाही. १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड आले, त्याच वर्षाच्या अखेरीस लक्ष्मण आला, तेंडुलकर होताच. मधल्या फळीचे दार बंद झाले ते पुढची दहा-बारा वर्षे जवळपास उघडलेच नाही.

ही हकीकत मला प्रथम कळली ती एस.टी.च्या बसमध्ये, आणि ती सांगणारे होते आमचे एक सहकारी. त्यांचे नाव येथे देत नाही. आम्ही सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणायचो, तेच म्हणते. ते मला ‘मॅडम’ म्हणत, आजही म्हणतात, जरी ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे आहेत. तेव्हा आम्ही दोघेही जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. सकाळी साडेसहाला सीबीएसवरून बस पकडायची, दहाच्या आत तीन तास घ्यायचे, परतीच्या बसने निघून दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात आणखी दोन. सर खिडकीशी बसत. पिशवीत जेवणाचा डबा, हजेरीचे कागद आणि घडी घातलेले वर्तमानपत्र, ज्याचे शेवटचे पान आधी वाचले जाई. त्या पानावरच्या बारीक टायपातले रणजीचे धावफलक ते अशा तन्मयतेने वाचत की शेजारी बसलेल्याला तो एखादा अभंग असावा असे वाटावे.

तासिका तत्त्व म्हणजे काय हे प्राध्यापक वाचकांना सांगायला नको, पण विद्यार्थी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कारण आम्ही ते त्यांच्यापासून लपवतो. वर्गात उभी असलेली व्यक्ती कायम नोकरीत आहे की घेतलेल्या तासाप्रमाणे पैसे मिळवते आहे, हे विद्यार्थ्याला कळत नाही आणि कळू नये असेच दोघांनाही वाटते. जूनमध्ये मुलाखत, जुलैत काम सुरू, मार्चमध्ये काम संपले, की पुढच्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयात, त्याच खुर्च्यांसमोर पुन्हा मुलाखत. सुट्टीचे पैसे नाहीत. मानधन मंजूर होऊन हाती पडेपर्यंत कधी कधी पुढचे वर्ष उजाडते. सेट उत्तीर्ण झाल्यानंतर मी अशी पंधरा वर्षे काढली, पाच महाविद्यालयांत. या पाचही ठिकाणी मी परीक्षेचे काम केले, स्नेहसंमेलनाची सूत्रसंचालने लिहून दिली, मराठी भाषा गौरव दिनाच्या भित्तिपत्रकांवरची शुद्धलेखनाची चूक खडूने झाकली. कोणत्याही वार्षिकांकातल्या प्राध्यापकांच्या छायाचित्रात मी नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. छायाचित्र फेब्रुवारीत काढतात आणि त्या दिवशी नेमका माझा दुसऱ्या महाविद्यालयात तास असे.

सर व्याकरण आणि भाषाविज्ञान शिकवत. साहित्याच्या प्राध्यापकांत हे विषय कुणालाच नको असतात. कविता शिकवणाऱ्याला विद्यार्थी जन्मभर लक्षात ठेवतात. स्वनिम आणि रूपिम शिकवणाऱ्याला नाही. पण भाषाविज्ञानाचा पेपर कच्चा राहिला तर एम.ए.चा निकाल पडतो, आणि निकाल पडला की सगळ्यांना आठवते की हा विषय कोण शिकवत होते.

येथे थोडे विषयांतर करते. माझा भाचा अमेरिकेत असतो. काही वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला असताना पहाटे उठून लॅपटॉपवर त्यांच्याकडचा फुटबॉलचा सामना पाहत बसला होता. चहा घेऊन मीही बसले. मला त्यात धक्काबुक्कीपलीकडे काही दिसेना. त्याने समजावून सांगितले, “मावशी, चेंडूकडे पाहू नकोस. या पाच जणांकडे पाहा.” चेंडू फेकणारा जो मुख्य खेळाडू असतो, त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसे भिंतीसारखी उभी असतात. मधला चेंडू मागे देतो, बाकीचे चौघे सबंध सामन्यात सहसा चेंडूला हातही लावत नाहीत. समोरून येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरायचे, एवढेच त्यांचे काम. त्या दोन-तीन सेकंदांत मागच्याने चेंडू फेकला की टाळ्या त्याला आणि झेलणाऱ्याला. धावा, गुण, अंतर, सगळ्याचे आकडे ठेवले जातात. या पाचांच्या नावापुढे लिहावे असे त्यांत जवळपास काही नसते. मात्र त्यांतल्या कुणी समोरच्याला नियमबाह्य धरून ठेवले, की पंच खेळ थांबवतात आणि सबंध मैदानाला ऐकू जाईल असा त्याचा क्रमांक पुकारतात. चुकीखेरीज त्याचे अस्तित्व जाहीर होत नाही.

भाच्याने पुढे सांगितले की या पाचांतही एक जमात असते. तिला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. आज या संघात, पुढच्या मोसमात त्या, मध्येच मुक्त केले तर तिसऱ्याच शहरात. कुणाचा गुडघा गेला की बोलावणे येते, तो बरा झाला की निरोप. मी त्या शब्दापाशी थांबले, कारण शब्दांपाशी थांबणे हा आमचा व्यवसाय आहे. वरवर पाहता वाटते, प्रवास करणारा तो ‘जर्नीमन’. तसे नाही. मुळातला फ्रेंच शब्द ‘दिवस’ या अर्थाचा आहे. दिवसाच्या मजुरीवर काम करणारा तो जर्नीमन. युरोपातल्या जुन्या कारागीर संघांत शिकाऊ, मग जर्नीमन, मग उस्ताद अशी उतरंड होती. जर्नीमन शिकाऊ नव्हे. त्याचे शिक्षण पुरे झालेले असते, हात तयार असतो. फक्त त्याचे स्वतःचे दुकान नसते. मराठीत त्याला ‘रोजंदार’ म्हणता येईल. आम्ही तर त्याच्याही खालचे, दिवसाचेही नव्हे, तासाचे.

पण मराठीत या अवस्थेसाठी याहून जवळचा एक शब्द आहे आणि तो मला फार उशिरा दिसला. ‘उमेदवारी’. आपल्याकडे एखाद्या कसबी माणसाच्या हाताखाली राहून काम करण्याला उमेदवारी करणे म्हणत आणि जागेसाठी अर्ज करणाऱ्यालाही उमेदवारच म्हणतात. मूळ फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा. काम करत राहणे आणि आशा धरून राहणे यांसाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरला. यात शहाणपण आहे की क्रौर्य, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

सरांना मुजुमदारचे जे आकर्षण होते ते २६० धावांचे नव्हते, हे मला पुढे समजले. २००६-०७ चा मोसम त्यांना तोंडपाठ होता. मुजुमदार मुंबईचा कर्णधार होता. पहिले तिन्ही सामने मुंबई हरली. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना पाच फलंदाज बाद झाले होते. तरीही तो सामना मुंबईने जिंकला आणि वानखेडेवर बंगालला हरवून रणजी करंडकही जिंकला. सर म्हणत, “मॅडम, शून्यावर पाच गेल्यावर जो माणूस ड्रेसिंग रूममध्ये शांत बसू शकतो, त्याला देशाकडून खेळायला मिळाले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे.” मला तेव्हा हे स्वतःची समजूत घालण्यासारखे वाटे. त्याच सुमारास आमच्या दोघांच्याही मुलाखती होऊन काही निष्पन्न झालेले नव्हते.

मग २००९ साल आले. मुंबईच्या संघातून वगळल्यानंतर मुजुमदारने मुंबई सोडली आणि तो आसामकडून खेळू लागला, पुढे आंध्रकडून. वय चौतिसाच्या पुढे. ज्या संघाने तोवर ३८ वेळा रणजी करंडक जिंकलेला, त्यातून निघून ज्याने तो कधीच जिंकलेला नाही अशा संघात जायचे. ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात अशांना. पाहुण्याने केव्हा जायचे हे ठरलेले असते, आणि घर कितीही आपुलकीचे असले तरी फडताळ उघडताना विचारावे लागते. रणजी स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा विक्रम काही काळ मुजुमदारच्या नावावर होता. तो पुढे मोडला वसीम जाफरने. तोही मुंबईहून विदर्भात गेलेला. जाफरच्या पदरात २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी विदर्भाची सलग दोन विजेतेपदे पडली. मुजुमदारला आसाम-आंध्रमध्ये असे काही मिळाले नाही. २०१४ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो निवृत्त झाला.

मी एकदा सरांना विचारले होते, गुवाहाटीला जाऊन त्याने मिळवले काय? सर म्हणाले, “डाव. आणखी काही डाव मिळाले ना त्याला.” त्यांनी ते इतक्या सहजपणे म्हटले, की पुढचे काही मला विचारता आले नाही. त्या वर्षी सरांनी तिसरे महाविद्यालय धरले होते, नाशिकपासून दीड तासांवरचे, आठवड्याला चार तासांसाठी. जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता उरायचे ते चार तास.

मराठी वाचकाला अशी माणसे ओळखीची नाहीत असे नाही. पद्माकर शिवलकरांचे उदाहरण तर याहून जुने. १९६१-६२ पासून जवळजवळ सव्वीस वर्षे डावखुरी फिरकी टाकणारा हा मुंबईकर. १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी, सरासरी २० च्या आत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूचे दोन्ही डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले, त्यांत शिवलकरांचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. पण भारतीय संघात त्याच जातीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी होते. हरयाणाचे राजिंदर गोयलही त्याच भिंतीपाशी थांबले, ७५० प्रथमश्रेणी बळी घेऊन. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर १९८३ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात या दोघांनाही स्थान दिले. पुढे २०१७ मध्ये दोघांना एकाच वेळी कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर मार्च २०२५ मध्ये. शिवलकर गेले त्या दिवशी जे लिहिले गेले त्यातील बहुतेक मजकुरात एक नाव हमखास होते: कर्ण.

मला येथे अडायला होते. आपल्या मराठी मनाला कर्ण फार आवडतो. १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ आल्यापासून तर कुणाही डावलल्या गेलेल्या माणसासाठी आपल्याजवळ ही उपमा तयार असते. मुजुमदारलाही ती चिकटवली गेली. पण कर्ण हा अन्याय झालेला राजपुत्र आहे. त्याच्या दुःखाचे मूळ असे की तो मुळात कुंतीचा ज्येष्ठ पुत्र होता, सिंहासन त्याचे होते. म्हणजे कर्णाची उपमा देताना आपण नकळत असे म्हणत असतो की खरे मोल सिंहासनाचेच. ते मिळाले नाही म्हणून हा माणूस करुण. त्याने केलेल्या कामाकडे आपण पाहतच नाही. एकलव्याचेही तेच, आपल्याला त्याचा तुटलेला अंगठा दिसतो, त्याने अरण्यात काढलेली वर्षे दिसत नाहीत. डावलल्या गेलेल्या वीरासाठी आपल्या साहित्यात अश्रू भरपूर आहेत. रोजंदारासाठी मात्र साधी उपमाही चटकन सापडत नाही.

म्हणून त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शोकात्मिकेला पतन लागते आणि पतनाला उंची लागते. आझाद मैदानावरच्या त्या तिघांतून शोकात्मिकेचा आकृतिबंध शोधायचाच असेल तर तो पॅड बांधून बसलेल्या मुलात नाही, खेळपट्टीवर ३४९ धावा काढून नाबाद राहिलेल्या मुलात आहे. कांबळीने कसोटीत सलग दोन द्विशतके काढली. त्याची सरासरी ५४ ची. आणि १७ कसोटींनंतर, १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपली. तेंडुलकर २०० कसोटी खेळला. मुजुमदार १७१ प्रथमश्रेणी सामने. तिघांत कुणाला जास्त मिळाले हे सांगता येते. कुणी जास्त खेळ केला हे तितके सहज सांगता येत नाही.

आता ती टाळता न येणारी गोष्ट.

२०१७ मध्ये राज्यातली प्राध्यापकभरती थांबली होती. २०१८ च्या अखेरीस रिक्त पदांपैकी ४० टक्के जागा भरायला परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये एका महाविद्यालयात मराठीच्या एका पूर्णवेळ पदाची जाहिरात निघाली. आम्ही दोघांनीही अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. सरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि त्यांच्या हातात प्रमाणपत्रांची तीच जुनी, कोपरे झिजलेली फाईल होती. पहिल्यांदा मला बोलावले. मी आत सुमारे चाळीस मिनिटे होते. सर त्यानंतर दहा मिनिटांत बाहेर आले. पद मला मिळाले. काही गैर घडले असे मला म्हणायचे नाही. माझे प्रकाशित लेख अधिक होते आणि मी ज्या विषयांवर लिहिले होते त्यांची त्या वर्षांत चलती होती. पण भाषाविज्ञान सर माझ्या दुप्पट जाणत होते आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते. मला कुणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

म्हणजे मुजुमदारची गोष्ट वाचताना मी आजवर स्वतःला ज्या जागी ठेवत आले होते, ती जागा माझी नव्हती. मी खेळपट्टीवर होते. पॅड बांधून बसलेले सर होते.

निकाल कळल्याच्या तिसऱ्या दिवशी सर घरी आले. पेढे घेऊन आले, जे खरे तर मी न्यायचे होते. चहा झाल्यावर पिशवीतून त्यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीच्या तीन वह्या काढल्या. “नव्या माणसाला भाषाविज्ञानाचाच पेपर देतात, मॅडम. तुमच्यावर येणार. यात सगळे आहे.” आणि खरोखरच तो पेपर माझ्यावर आला. वह्यांत पंधरा वर्षांची टिपणे होती. अहिराणीतली उदाहरणे, कारण निम्मा वर्ग बागलाण-मालेगावकडचा असतो. विद्यार्थी कोणत्या ठिकाणी हमखास अडतात त्याच्या समासातल्या नोंदी. कोणत्या वर्षी कोणत्या उदाहरणाने गाठ सुटली त्याच्या तारखा. गेली सहा वर्षे मी त्या वह्यांवरून शिकवते आहे. ‘मॅडमचे भाषाविज्ञान फार छान असते’ असे विद्यार्थ्यांनी लिहून दिलेले अभिप्राय माझ्या सेवापुस्तिकेच्या फायलीत जपून ठेवलेले आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये गोल्फ क्लबवर, म्हणजे आता ज्याला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात तेथे, महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. सरांचा फोन आला, “येताय का?” थंडीतले कोवळे ऊन होते. मैदानाच्या कडेने रोजच्यासारखे फिरायला आलेले लोक क्षणभर थांबून आत डोकावत होते. सरांनी शेंगांची पुडी पुढे केली आणि मला पुन्हा तेच सांगितले जे भाच्याने वेगळ्या खेळाबद्दल सांगितले होते: चेंडूकडे पाहू नका. नॉन-स्ट्रायकर किती पावले पुढे येतो पाहा. यष्टिरक्षक दर चेंडूला किती वेळा उठबस करतो मोजा. राखीव खेळाडू पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत आत जात होता, निरोप सांगून पळत बाहेर येत होता. “हा पोरगा दिवसभरात किती धावला असेल? याच्या धावा कुणी मोजत नाही,” सर म्हणाले आणि स्वतःच्याच कोटीवर खूष होऊन हसले. ते अजूनही तासिका तत्त्वावर आहेत. केसांचे पांढरेपण आता लपवण्याच्या पलीकडे गेले आहे. मी त्या दिवशी त्यांना त्या मुलाखतीबद्दल काही म्हणणार होते. म्हटले नाही.

आणि मग २ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. ऑक्टोबर २०२३ पासून तो या संघाबरोबर होता. साखळीत हा संघ ओळीने तीन सामने हरला होता, अगदी २००६-०७ च्या मुंबईसारखा. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडताना जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा काढून उभी राहिली. अंतिम सामन्यानंतर हरमनप्रीत कौर आपल्या प्रशिक्षकाच्या पाया पडली. मध्यरात्र उलटून गेली होती. अपेक्षेप्रमाणे फोन वाजला. सर काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “शून्यावर पाच गेले होते, तेव्हाही तो असाच बसला असेल, नाही?”

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच सूर होता: प्रतीक्षेचे फळ मिळाले, नियतीने परतफेड केली. आनंद मलाही झाला. पण हा सूर मला पुरेसा वाटत नाही, आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर येथेच आहे. शेवट गोड झाला म्हणून जर आधीची सदतीस वर्षे सार्थ ठरत असतील, तर तो सामना आपण हरलो असतो तर ती वर्षे फुकट गेली असती असेच म्हणावे लागेल. जेमिमाचे एक-दोन झेल सुटले नसते, तर? गुवाहाटीत काढलेल्या धावा त्यामुळे कमी झाल्या असत्या का? आम्ही वर्गात कादंबरीचा अर्थ शेवटच्या पानावरून लावू नका असे शिकवतो. माणसाच्या बाबतीत मात्र शेवटचे पान आधी उघडतो. आणि बहुतेक माणसांच्या बाबतीत असे पान येतच नाही. सरांच्या वाट्याला कोणताही विश्वचषक नाही. सेवानिवृत्तीचा समारंभही नाही, कारण सेवाच नोंदलेली नाही.

तर बाळा, शोकात्मिका नाही आणि सुखात्मिकाही नाही. मग कोणता वाङ्मयप्रकार, असे तू विचारशील. माझ्याजवळ नाव नाही. आपल्या समीक्षेने या प्रकाराला नाव दिलेले नाही, कारण त्यात सांगण्यासारखा प्रसंग फारसा नसतो. असते ते नुसते काम, रोजचे, दुसऱ्याच्या दुकानात नीट केलेले. ते करुण आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे, ते थोर आहे असे म्हणून मोकळे होणे त्याहून सोपे. दोन्हींमुळे आपल्यावरची एक जबाबदारी टळते, ती म्हणजे त्या कामातून आपण काय घेतले हे सांगण्याची.

उद्या एम.ए.च्या वर्गावर भाषाविज्ञानाचा तास आहे. वह्या कोणाच्या हे सांगून सुरुवात करायची असे ठरवले आहे. सहा वर्षे उशीर झाला आहे. नाव सांगितले तर चालेल का, हे विचारायला काल सरांना फोन केला. ते कुठल्याशा बसस्थानकावर होते, मागे घोषणा चालू होती. त्यांनी दोनदा विचारून घेतले की मी नेमके काय म्हणते आहे. मग म्हणाले, “नावाचे काय घेऊन बसलात, मॅडम? दुसऱ्या वहीत स्वनिमाचे उदाहरण चुकले आहे, ते तेवढे दुरुस्त करून सांगा.”

वही काढून पाहिले. खरोखरच चुकले होते. मी सहा वर्षे ते तसेच शिकवत आले होते.